रील्स करत नाही म्हणून मुलं कमी झाली का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सिंहगड रोड भागातल्या एका ताईंचं पत्र आलंय, त्यांचं आणि क्लासचं नाव काढून त्यांचं म्हणणं इथे देते. ताई गेली १४ वर्षं अकरावी-बारावी कॉमर्सचा क्लास घेतात, अकाउंट्स आणि इकॉनॉमिक्स, बिल्डिंगखालच्या दोन गाळ्यांत. पूर्वी दोन्ही वर्षांची मिळून सत्तरच्या आसपास मुलं असायची, यंदा ४१ आहेत. दीड वर्षापूर्वी जवळच एका मोठ्या नावाच्या क्लासची शाखा सुरू झाली, त्यांचे रोज रील्स येतात. एका एजन्सीने ताईंना कोटेशन दिलंय, महिन्याला १८,००० रुपये, त्यात १२ रील्स, १५ पोस्ट आणि 'तीन महिन्यांत ५,००० फॉलोअर्स', करार कमीत कमी सहा महिन्यांचा. मिस्टर म्हणतात त्यापेक्षा चौकात फ्लेक्स लावू. भाचीने हौसेने एका ट्रेंडिंग गाण्यावर ताईंचं रील केलं, तर क्लासच्या मुलांनी त्याचा स्टिकर बनवून ग्रुपवर फिरवला. ताई लिहितात, 'मी त्या रात्री रील डिलीट केलं. मला खडू धरता येतो, कॅमेऱ्यासमोर नाचता येत नाही. टॉपर्सचे फोटो टाकणंही मला जमत नाही. फोन येतात, पण सीए फाउंडेशन (सीए होण्यासाठीची पहिली परीक्षा) घेता का विचारतात आणि नाही म्हटलं की ठेवून देतात. मी मागे पडले का? हे १८ हजार घालावेत का?'

उत्तर:

ताई, आधी त्या स्टिकरबद्दल बोलूया कारण पत्रात सगळ्यात जास्त दुखलेलं तेच दिसतंय. सोळा-सतरा वर्षांची मुलं ज्या बाईंना घाबरतात त्यांचा स्टिकर करत नाहीत हो, ज्या आपल्या वाटतात त्यांचा करतात. तरी तुम्हाला वाईट वाटलं हे अगदी खरं आहे आणि ते मुलांना एकदा साध्या शब्दांत सांगायला काहीच हरकत नाही. पण त्या एका रात्रीवरून 'सोशल मीडिया आपल्यासाठी नाही' असं ठरवू नका. तुम्हाला न जमलेली गोष्ट होती दुसऱ्याच्या गाण्यावर दुसऱ्यासारखं वागण्याची, आणि ती न जमणं यात कमीपणा कसला.

आता मूळ प्रश्न. तुम्ही असं धरून चालला आहात की मुलं कमी झाली कारण समोरचे रील्स करतात आणि तुम्ही करत नाही. हे खरं असेलही, पण तुम्ही तपासून पाहिलंय का? समोरच्या क्लासकडे रील्स आहेत तसे एसी वर्ग आहेत, छापील नोट्स आहेत आणि कॉमर्सचे सगळे विषय एका छताखाली आहेत. पालक यातलं नेमकं काय बघून तिकडे गेले ते आपल्याला माहीत नाही, आणि माहीत नसताना आपण १८ हजार रुपये महिना रील्सवर घालायला निघालोय.

तुमच्या पत्रात मला एक वाक्य सापडलं, तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिलंय, ते सीए फाउंडेशनवालं. मी ते तीन-चारदा वाचलं. म्हणजे ताई, फोन येतायत! तुमचं नाव पोचतंय, कोणीतरी तुमचा नंबर देतंय, आणि पालक पहिल्याच प्रश्नावर फोन ठेवतायत. हा प्रश्न जाहिरातीचा नाहीच, फोनवर तुम्ही काय उत्तर देता त्याचा आहे, आणि बारा काय बाराशे रील्स केले तरी त्यातून फोन वाढतील आणि तितकेच फोन त्याच प्रश्नावर ठेवले जातील.

तुम्हाला हे माहीतच असणार पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, फाउंडेशनला चार पेपर असतात, अकाउंटिंग, बिझनेस लॉज, क्वांटिटेटिव्ह ऍप्टिट्यूड आणि बिझनेस इकॉनॉमिक्स, प्रत्येकी १०० मार्क, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. रजिस्ट्रेशन दहावीनंतर करता येतं, पेपर बारावीनंतर देता येतो, आणि २०२४ पासून परीक्षा वर्षातून तीनदा होते, त्यामुळे आईवडिलांना अकरावीपासूनच घाई झालेली असते. आता बघा, चारपैकी दोन पेपर तुमचेच विषय आहेत. पार्टनरशिप, बिल्स ऑफ एक्स्चेंज, डेप्रिसिएशन, नॉट फॉर प्रॉफिट संस्थांचे हिशोब, हे सगळं तुम्ही १४ वर्षं शिकवताय. फाउंडेशनची खोली वेगळी असते, इकॉनॉमिक्सचा पेपर ऑब्जेक्टिव्ह असतो आणि चुकलं की मार्क कापले जातात, म्हणजे तयारी वेगळी लागते, हे मी नाकारत नाही. पण 'नाही, आम्ही घेत नाही' आणि फोन बंद, हे उत्तर तुमच्या शिकवण्यावर अन्याय करणारं आहे.

मला यात तीन रस्ते दिसतात. एक, लॉ आणि क्वांट घेणारं ओळखीतलं कोणी शोधून शनिवार-रविवारी फाउंडेशनची छोटी बॅच सुरू करायची. जागा तुमची आहेच, पण यात जबाबदारी मोठी आहे आणि पहिल्या बॅचचा निकाल लागेपर्यंत तुमची झोप उडेल. दोन, फक्त अकाउंटिंगचा जादा तास, ज्यांना फाउंडेशन द्यायचंय त्यांच्यासाठी. तीन, काहीच वाढवायचं नाही पण फोनवर नीट बोलायचं: 'फाउंडेशनची वेगळी बॅच मी घेत नाही, पण त्यातल्या अकाउंट्सचा पाया माझ्याकडे पक्का होतो, तुमच्या मुलाला एक तास बसवून बघा.' मला विचाराल तर या वर्षी तिसरा, पुढच्या वर्षी दुसरा. पहिला रस्ता केवळ समोरच्या शाखेच्या भीतीने घेऊ नका. निर्णय तुमचा, तुमच्या तब्येतीला आणि वेळेला काय झेपतं ते तुम्हालाच माहीत.

आणि एक काम याच आठवड्यात करा. गेल्या जूनमध्ये ज्यांनी चौकशी केली पण प्रवेश घेतला नाही, अशा सात-आठ पालकांचे नंबर तुमच्या वहीत असतीलच, त्यांना फोन करा. 'प्रवेश घ्या' म्हणायला नाही, फक्त विचारायला, 'तुम्ही शेवटी काय बघून ठरवलंत?' पुण्यात लोक हे मोकळेपणाने सांगतात, जरा जास्तच मोकळेपणाने सांगतात, तयारी ठेवा. मी असं म्हणत नाही की रील्सचा काही संबंध नाही. अकरावीचं पोरगं स्वतःच म्हणतं मला तिकडे जायचंय, मित्र तिकडे आहेत, आणि ते पोरगं इन्स्टाग्रामवरच असतं. पण समजा आठ जणांपैकी सहा जणांनी वेळेचं कारण दिलं, म्हणजे कॉलेज सुटतं एकला आणि तुमची बॅच साडेपाचला आणि मधले साडेचार तास मूल काय करणार, तर उपाय फुकटात आहे.

आता सोशल मीडियाचं. छोट्या क्लाससाठी त्याचं काम काय असतं हे एकदा स्पष्ट झालं की निम्मा ताण जातो. तुमच्याकडे हडपसरहून कोणी येणार नाही, वाकडहून तर नाहीच. वडगाव, आनंदनगर, हिंगणे, धायरी, फार तर आंबेगाव, एवढंच तुमचं जग, चार-पाच किलोमीटर, जिथून मूल सायकलवर किंवा आईच्या ऍक्टिव्हावर येऊ शकतं. मग ५,००० फॉलोअर्स घेऊन करायचं काय? त्यातले पन्नास जरी धायरी-वडगावातले निघाले तरी खूप. तुमचं नाव आजही तोंडीच पसरतं, कोणाची तरी मोठी मुलगी तुमच्याकडे होती म्हणून. फरक एवढाच पडलाय की पूर्वी ते नाव ऐकलं की आई संध्याकाळी क्लासवर येऊन बघायची, आता ती आधी फोनवर बघते. तिथे तिला तुम्ही दिसलात, पटलात, की ती येते. अनोळखी लाखभर लोकांपर्यंत पोचायची गरजच नाही.

म्हणून तुम्ही क्लासचं नाव कळवलं होतंत ते मी गुगल मॅपवर टाकून पाहिलं. ताई, काय दिसलं सांगते. बंद शटरचा फोटो. शटरपुढे लावलेली एक पांढरी स्कूटर आणि बाजूच्या झेरॉक्सवाल्याची अर्धी पाटी. फोन नंबर लँडलाइनचा, लागत नाही. वेळ लिहिलेलीच नाही. आणि एक रिव्ह्यू, चार वर्षांपूर्वीचा, एका मुलीचा, पाच स्टार. ज्या आईला कोणीतरी तुमचं नाव सांगितलं तिने रात्री हे पाहिलं तर तिला काय वाटेल, क्लास बंद झाला वाटतं. आणि दोनशे मीटरवर समोरच्यांची शाखा दिसतेय, फोटो, वेळा, शेकडो रिव्ह्यू. तुमची गळती इथेही आहे असं माझं मत आहे आणि ती थांबवायला एक रुपया लागत नाही.

गुगल बिझनेस प्रोफाइल स्वतःच्या नावावर करून घ्या, पडताळणीला बहुतेक जागेचा छोटा व्हिडिओ मागतील, पाटी, आतला वर्ग, किल्लीने कुलूप उघडताना, असं दाखवावं लागतं. मग मोबाइल नंबर, वेळा, विषय, आणि चांगले सहा-सात फोटो टाका, भरलेल्या फळ्याचा एक हवाच. जुन्या मुलांना रिव्ह्यू लिहायला सांगा, पण 'काय शिकलात ते लिहा' एवढंच सांगा. रिव्ह्यूच्या बदल्यात फीमध्ये सूट किंवा वडापाव पार्टी असलं काही नको, गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि मुलांना आपण तसं शिकवूही नये. १४ वर्षांत किती मुलं गेली असतील तुमच्या हाताखालून, त्यातली पंचवीस जरी लिहिती झाली तरी चित्र बदलेल.

आता रील्स, कारण करायचे तर आहेतच. तुम्ही पत्रात दुसऱ्या पानावर लिहिलंय की परीक्षेच्या दिवसांत मुलं बॅलन्सशीट टॅली होत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज जुळत नाही म्हणून रडवेली होऊन टेबलाशी येतात आणि तुम्ही वही न बघताच विचारता, 'फरक कितीचा आहे? ९ ने भाग जातो का बघ.' अहो हेच रील आहे! मी कॉमर्सची नाही, मला हे माहीत नव्हतं, मी कागद घेऊन करून पाहिलं. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिलं तर फरक ९००, ९ ने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेलेले असू शकतात. भाग गेला नाही तर फरकाचं निम्मं करा, १,२०० चा फरक असेल तर ६०० शोधा, ती रक्कम चुकीच्या बाजूला बसलेली असू शकते. तेही नसेल तर ऍडजस्टमेंट्स (प्रश्नाच्या शेवटी दिलेल्या जादा नोंदी) बघा, फरकाएवढ्याच रकमेची एखादी असेल तर तिचे दोन इफेक्ट्स द्यायचे असताना एकच दिला गेलेला असू शकतो. दोन मिनिटांत मला कळलं आणि इतका आनंद झाला की मी घरातल्यांना बोलावून दाखवलं.

हे रील असं करा. रविवारी सकाळी, क्लास रिकामा असताना, खिडकीजवळच्या बाकावर. पंखा बंद ठेवा, नाहीतर आवाजात फक्त घरघर येते. फोन वरून खाली बघेल असा स्टँडला लावायचा, स्टँड तीन-चारशे रुपयांत मिळतो, नाहीतर पुस्तकांची चळत चालते. फ्रेममध्ये वही, तुमचा हात आणि लाल पेन, बस. चेहरा लागत नाही, नाच लागत नाही, गाणं तर अजिबात लागत नाही (गाण्यांचं तसंही धंद्याच्या अकाउंटला कॉपीराइटचं झंझट असतं), तुमचा आवाज पुरेसा आहे. पहिलं वाक्य थेट, 'बॅलन्सशीट टॅली होत नाहीये? रडू नकोस, आधी फरक काढ.' तुम्ही वर्गात बोलता तसंच, मराठीत, शब्द मात्र डेबिट क्रेडिट तेच. ४०-५० सेकंद. बोललेलं खाली अक्षरात उमटवा कारण बरीच जण आवाज बंद ठेवून बघतात. भाचीला हेच काम द्या, एडिटिंग आणि अक्षरं, तिचा उत्साह वाया नको जायला, बिचारीने प्रेमानेच केलं होतं.

आठवड्याला एक. तुमच्याकडे वर्षभराचा माल डोक्यात तयार आहे, गुडविलला मुलं कुठे अडकतात, डेफिसिट का सरप्लस कसं ओळखायचं, ८० मार्कांच्या पेपरात कुठला प्रश्न आधी घ्यायचा. आणि एक व्हिडिओ नक्की, 'बारावीचं अकाउंट्स आणि फाउंडेशनचं अकाउंट्स, सारखं काय आणि वेगळं काय', जे आहे ते खरं खरं सांगा, हा व्हिडिओ तुम्ही फोन करणाऱ्या प्रत्येक पालकाला पाठवू शकाल. तोच व्हिडिओ तीन ठिकाणी टाकायचा, इन्स्टाग्रामवर मुलांसाठी, यूट्यूबवर कारण तिथे मुलं अभ्यासाचं शोधतात आणि वर्षभराने पण सापडतं, आणि व्हॉट्सऍप स्टेटसला. स्टेटसला कमी समजू नका, आया रात्री भांडी आवरून झाली की स्टेटस बघतात.

व्हॉट्सऍप बिझनेस घ्या, फुकट आहे, वेळा, पत्ता, फी, ठरलेली उत्तरं भरून ठेवता येतात. पालकांना काही कळवायचं असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, त्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच नंबर सेव्ह करून घ्या. चौकशीला आलेल्या सगळ्यांना एका ग्रुपमध्ये टाकायचं मात्र टाळा, मुलींचे नंबर अनोळखी लोकांना दिसतात आणि मग काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. याच कारणासाठी इन्स्टाग्रामवर एकेका मुलाशी मेसेजमध्ये गप्पा, शंकानिरसन असं ठेवू नका. क्लासचं अकाउंट आहे, शंका क्लासमध्ये, नाहीतर पालक असलेल्या ग्रुपवर.

आता पैशाचा हिशोब, हा तर तुमचाच विषय. १८,००० गुणिले सहा, १,०८,०००. तुमची दोन विषयांची फी वर्षाला २४,०००. एजन्सीवाला म्हणेल, पाच मुलं वाढली की वसूल, आणि आकडा बरोबर आहे. पण ती पाच रील्समुळे आली हे कसं कळणार? आणि करार आत्ता सुरू झाला तर पहिले चार महिने तुमच्या नव्या प्रवेशाशी संबंधच नाही, कारण आत्ता बारावीची मुलं बोर्डाच्या तयारीत आणि दहावीची त्यांच्या. प्रवेशाचा विचार सुरू होतो दहावीच्या निकालानंतर. २०२५ ला निकाल १३ मेला लागला आणि अकरावीचे ऑनलाइन प्रवेश, त्या वर्षीपासून सगळ्या राज्याचे एकत्र, ऑगस्टमध्येही चालू होते. कॉलेज कुठलं मिळतंय, सकाळचं की दुपारचं, हे कळेपर्यंत पालक क्लास ठरवत नाहीत. तुमचा हंगाम तो आहे, पैसे तेव्हासाठी राखून ठेवा.

तेव्हा किती? मी म्हणेन रोज १५० रुपये, ४० दिवस, ६,००० होतात, वर १८ टक्के जीएसटी धरून ७,०८०. जाहिरात अशी, ज्यावर बोट ठेवलं की थेट तुमचं व्हॉट्सऍप उघडतं. नकाशावर क्लासच्या जागी पिन टाकून भोवतीचे चार-पाच किलोमीटरच निवडायचे, आणि वय ३८ ते ५२, म्हणजे आईवडील. मुलांना लक्ष्य करून जाहिरात नकोच, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि मुलांवर नेम धरून जाहिराती करण्याला त्यात मनाई आहे, शिवाय फी भरणारे पालकच असतात. जाहिरातीत काय दाखवायचं, तर तेच ९ चं रील आणि एक फुकट डेमो तास. आणि चौकशीच्या वहीत एक रकाना वाढवा, 'कुठून कळलं'. प्रत्येकाला विचारा. पुढच्या वर्षी या प्रश्नासाठी मला पत्र लिहावं लागणार नाही, वहीच सांगेल.

एजन्सी नकोच असं नाही. पण अनुभवाचं सांगते. काही वर्षांपूर्वी मैत्रिणीबरोबर मी मुलांसाठी लेखन-कार्यशाळा घ्यायचे, आम्ही एकांना काम दिलं, नाव घेत नाही. फॉलोअर्स आले, भरपूर आले, त्यातून चौकशीचे फोन आले तीन आणि त्यातला एक नांदेडचा. ते एक वेळ ठीक, पण काम थांबवल्यावर कळलं की पेज त्यांच्याच ईमेलवर उघडलेलं, पासवर्ड त्यांच्याकडे. आमचे दोन वर्षांचे फोटो, मुलांच्या आईवडिलांच्या कॉमेंट्स, सगळं गेलं. अजून आठवलं की घशाशी येतं. म्हणून पुढेमागे कोणालाही काम द्याल तर पेज, जाहिरातीचं अकाउंट, गुगल प्रोफाइल तुमच्याच नंबरवर आणि ईमेलवर हवं, त्यांना फक्त काम करायची परवानगी. करार महिन्याचा. आणि फॉलोअर्सचं आश्वासन देणाऱ्याला विचारा, वडगाव-धायरीतल्या पालकांच्या चौकश्या किती आणून द्याल? याचं उत्तर जो टाळेल त्याला टाळा.

टॉपर्सचे फोटो टाकणं जमत नाही असं तुम्ही लिहिलंत, ते जमवूही नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायला त्याची लेखी संमती लागते आणि तीही निकालानंतर घेतलेली, प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच सही घेऊन ठेवलेली चालत नाही. हमखास यशाचे दावेही नकोत. त्यांच्या व्याख्येत पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेले क्लास येतात, तुमच्याकडे सध्या ४१ आहेत, पण नियम मुळातच चांगला आहे, पाळा, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर आईवडिलांची सही पण घ्या. त्यापेक्षा मला एक फार आवडेल, ते म्हणजे सगळ्या बॅचचा निकाल. बारावीला इतकी मुलं बसली, इतकी पास, अकाउंट्समध्ये ८० च्या वर इतकी, ५० च्या खाली इतकी. नावं नाहीत, फोटो नाहीत, फक्त पूर्ण आकडे. ज्या आईचं मूल ५५ टक्क्यांचं आहे तिला ९७ वाल्याच्या फोटोकडे बघून धीर येत नाही, तिला हे आकडे बघून येईल.

फ्लेक्सचं मिस्टरांना सांगा की चौकात लावायला महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी लागते आणि विनापरवाना लावले तर दंड आणि वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. क्लासवरची स्वतःची पाटी मात्र नवीन करा, नंबर मोठा, संध्याकाळी दिसेल असा दिवा. ते काम मिस्टरांकडे द्या.

तबला, अबॅकस, ड्रॉइंग, शिवणकाम असले क्लास घेणाऱ्यांचीही अशीच पत्रं येतात म्हणून त्यांनाही सांगते, तुमच्याकडे असा एक क्षण शोधा जिथे शिकणारा नेहमी अडतो आणि तुम्ही एका वाक्यात सोडवता. बाही लावताना चुणी पडते ना, तिथे. तोच दाखवा. बाकी मॅप, वही, पासवर्ड सगळं जसंच्या तसं लागू.

एजन्सीला आज कळवून टाका, 'सध्या करार करत नाहीये, मे महिन्यात लागलं तर फक्त महिन्यापुरतं बोलू.' एवढंच, कारणं देत बसू नका.

आणि ताई, मॅपवरचा तो एकुलता एक रिव्ह्यू तुम्ही वाचलेलाच नसणार. ती मुलगी लिहिते, मॅम एकच गोष्ट दहा वेळा विचारली तरी चिडत नाहीत, माझा बॅलन्सशीट आता टॅली होतो. चार वर्षं झाली, खाली तुमचं उत्तर नाही. बाकी सगळं उद्यापासून करा, तिला मात्र आज रात्रीच दोन ओळी लिहा.